रिलीजआधी डेबियनचे बग सोडवायला दोन दिवस बसायचंय, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (दिग्रस, जि. यवतमाळ)
नमस्कार. डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुढच्या रिलीजआधी शनिवार-रविवार बग सोडवायला बसायचं ठरलंय. बारा मुलं-मुली, दहा पीसी, नेट म्हणजे एका फोनचं हॉटस्पॉट. दुपारी लाईन जाते. सी भाषा सगळ्यांना येते, पॅकेजिंग (सॉफ्टवेअर डेबियनसाठी बांधणं) दोघांनाच. बगांची यादी भलीमोठी आहे. हात कुठे घालावा, आणि अर्धवट कामांचा ढीग राहू नये म्हणून काय करावं?

उत्तर (मोर्शी)
भाऊ, बग त्या दिवशी निवडत बसू नका, आठवडाभर आधी निवडून ठेवा. रिलीज अडवणाऱ्या बगांच्या तीन पातळ्या: क्रिटिकल, ग्रेव्ह, सीरियस. पहिल्या दोन नवख्यांच्या हाती देऊ नका, तिथे डेटा जाण्याचा किंवा सुरक्षेचा मामला असू शकतो. सीरियसमधले 'सोर्सपासून बिल्ड होत नाही' (मूळ कोडातून पॅकेज तयारच होत नाही) हे बग घ्या. लॉग (बिल्डची नोंद) आयता मिळतो, आणि पॅच (कोडातली दुरुस्ती) लागू पडला का ते बिल्डच सांगतं.

दोघांची जोडी करा, जोडीला तीन बग: एक हातात, दोन राखीव. बगवरचे सगळे मेल शेवटपर्यंत वाचा. पुष्कळदा पॅच पडून असतो, पण कोणी तपासलेला नसतो. तो लावून, बिल्ड करून 'चालला' किंवा 'नाही चालला' कळवलं तरी ते पूर्ण काम आहे. बग घेतला की डेबियनच्या बग-यादीच्या कंट्रोल सर्व्हरला 'ओनर' (हा बग माझ्याकडे) कमांडचा मेल टाका. सोडला तर आठवणीने 'नोओनर', नाहीतर तो तुमच्या नावावर अडकून पडतो आणि दुसरं कोणी हात लावत नाही.

लॉगमध्ये शेवटची 'मेक'ची (बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रामची) एरर पाहून काही कळत नाही. वर जाऊन पहिली 'एरर:' शोधा. जीसीसी (सीचा कंपायलर) १५ पासून सी-२३ (सी भाषेचं नवं मानक) हे डीफॉल्ट आहे, त्यामुळे फंक्शनच्या घोषणेत रिकामे कंस म्हणजे 'आर्ग्युमेंट नाहीतच'. जुन्या कोडात तसं लिहून पुढे दोन आर्ग्युमेंट दिले असतील, तर 'टू मेनी आर्ग्युमेंट्स' येतं. खरा उपाय घोषणा पूर्ण लिहिणं, तो मूळ प्रकल्पाकडे पाठवा. फ्रीझ (रिलीजआधी बदलांवरचे निर्बंध) सुरू असेल तर 'जीएनयू-१७' चा फ्लॅग देणं (म्हणजे जुन्या मानकाने कंपाइल करायला सांगणं) हा लहान बदल आहे, आणि तेव्हा मला तोच बरा वाटतो.

उत्तर (आर्वी)
नेटचं आधी बघा, नाहीतर शनिवार डाउनलोडमध्येच जाईल. एका लॅपटॉपवर ॲप्ट-कॅशर-एनजी (एकदा उतरलेली पॅकेजं साठवून सगळ्यांना देणारा प्रोग्राम) टाका, पोर्ट ३१४२. सगळ्या पीसींची ॲप्ट (पॅकेज उतरवणारं साधन) प्रॉक्सी त्या लॅपटॉपच्या लॅनच्या आयपीवर वळवा, आणि मिरर (पॅकेजं जिथून उतरतात तो सर्व्हर) 'एचटीटीपी'चा ठेवा. 'एचटीटीपीएस' हा प्रोग्राम सहसा कॅश करत (साठवत) नाही. लोक नेमकं इथे चुकतात: पीसीवर प्रॉक्सी लावतात, पण एस-बिल्डच्या (पॅकेज बिल्ड करणाऱ्या साधनाच्या) क्रूटमध्ये, म्हणजे बिल्डसाठीच्या वेगळ्या बंदिस्त सिस्टिममध्ये, लावत नाहीत. मग प्रत्येक बिल्डला त्याच लायब्ररी हॉटस्पॉटवरून पुन्हा उतरतात. निवडलेल्या प्रत्येक पॅकेजचं शुक्रवारी एकदा बिल्ड लावून टाका, म्हणजे कॅश भरते आणि बग अजून घडतो का तेही कळतं.

इन्व्हर्टरवर राऊटर, स्विच आणि हा लॅपटॉप, बस. मोठे बिल्ड सकाळी लावा. लाईन नसताना लॉग वाचा, मेल लिहा.

प्रश्नकर्ता
आमच्यात डेबियन डेव्हलपर (पॅकेज अपलोड करायचा हक्क असलेला) कोणी नाही. अपलोडचं कसं?

उत्तर (मोर्शी)
एखाद्या डेव्हलपरशी आधीच बोलून ठेवा, रविवारी संध्याकाळी शोधायला गेलात तर कोणी सापडणार नाही. तुम्ही डेबडिफ (पॅकेजमधल्या बदलांची फाईल) बगला जोडा, 'पॅच' टॅग लावा. मेंटेनरऐवजी (पॅकेज सांभाळणाऱ्याऐवजी) दुसऱ्याने अपलोड करायचं तर प्रथा अशी: रिलीज अडवणारा बग ७ दिवसांहून जुना आणि मेंटेनरची ७ दिवसांत काहीच हालचाल नसेल तर थेट, बग जुना पण मेंटेनर हलतोय तर २ दिवस थांबवून ठेवणाऱ्या रांगेत, त्यात 'इम्पॉर्टंट' (सीरियसच्या खालच्या पातळीचे) बगही असतील तर ५ दिवसांच्या.

डेबडिफमध्ये फक्त दुरुस्ती असू द्या. स्पेस नीट केल्या, आवृत्ती चढवली, की फुल फ्रीझमध्ये रिलीज टीम 'अनब्लॉक' (बदल आत घ्यायची परवानगी) द्यायला कचरते. रविवारी तीननंतर नवा बग उघडू नका. तो वेळ प्रत्येक बगवर 'इथपर्यंत आलो, हे करून पाहिलं' असा मेल टाकायला ठेवा.