आबांच्या लढाईतल्या पत्रात चौकोनी भोक आहे, पत्र कुठून आलं ते कसं कळेल?

आष्टीकर:
नमस्कार मंडळी. आमचं गाव आष्टी तालुक्यात, जिल्हा बीड. दिवाळीआधी जुन्या घराचं माळवद उतरवायला काढलं तर माळ्यावर पत्र्याची पेटी सापडली, त्यात निजामाच्या काळातल्या उर्दू पावत्या, अन खाली फडक्यात बांधलेली सात पत्रं. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, त्यांना सगळे आबा म्हणायचे, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. नगर जवळ म्हणून तिथं जाऊन भरती झाले अन ४६ ला परत आले एवढंच घरात माहितीय, कारण लढाईचा विषय निघाला की ते उठून गोठ्यात जायचे म्हणे.

पत्रं मोडीत हायेत, आमच्यात कुणालाच येत नाही. पाकिटावर तिकीट नाही, गावाचं नाव नाही, नुसता एफपीओ अन आकडा असलेला गोल शिक्का, तारखेत ४४ दिसतंय. अन एका पत्राला मधोमध बोटभर लांब चौकोनी भोक हाये. उंदरानं खाल्लं म्हणावं तर कडा एकदम सरळ, उजेडाला धरलं की खिडकीच दिसते. जिल्ह्याच्या एका ऑफिसात दाखवलं तर तिथले साहेब म्हणले हे आमच्याकडं येत नाही, नेटवर टाका. म्हणून इथं टाकायलो. फोटो खाली जोडलेत.

तिकीटवेडा:
दादा आधी एक काम करा, पत्रं लॅमिनेट करू नका. लोक हौसेनं करतात अन कागद कायमचा वाया जातो.

भोक सेन्सॉरचं आहे. गावाचं नाव, पलटण कुठं चाललीय असलं काही लिहिलं की काळी शाई फासायचे नाहीतर सरळ ब्लेडनं कापून काढायचे. तिकीट नाही कारण आघाडीवरच्या शिपायाला साधं पत्र फुकट होतं, वर 'ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस' लिहिलं की झालं. एफपीओ म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस. मेख अशी की ते ऑफिस पलटणीसोबत फिरायचं, त्यामुळं नुसत्या आकड्यानं भागत नाही, आकडा अन तारीख दोन्ही पाहिजे. जुनी पाकिटं जमवणाऱ्यांकडं त्याच्या याद्या असतात, मी विचारून बघतो.

पाकिटाच्या कोपऱ्यात पाठवणाराचा शिपाई नंबर असेल तर तो नंबर, नाव, गाव लिहून बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला पत्र टाका. तुम्हाला गंमत सांगतो, उत्तर पाठवायचं म्हणजे तुमच्या आजोबांना खटपटच होती, कारण निजामाचं तिकीट संस्थानाबाहेर चालायचंच नाही, इंग्रजी राज्याचं तिकीट आणून लावावं लागायचं.

आष्टीकर:
अरे वा, म्हणजे वडील सांगतात ते खरंय तर. आजोबा नगरच्या बाजाराला बैल घेऊन जायचे तेव्हा पत्र टोपीत घालून न्यायचे म्हणे. आम्हाला वाटायचं गावात टपाल नव्हतं म्हणून.

मोडीवाला संभाजीनगर:
फोटो बघितला. अक्षर सराईत आहे, बोरू नाही टाकानं लिहिलंय. हे आबांचंच अक्षर असेल असं धरून चालू नका, पलटणीत ज्याला लिहिता यायचं तो बाकीच्यांची पत्रं लिहायचा अन गावात कुलकर्णी नाहीतर मास्तर चार जणांत वाचून दाखवायचे. म्हणजे सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, मधी सेन्सॉर, वाचणारा तिसराच. आता असल्या पत्रात माणूस मनातलं काय बोलणार? म्हणून सगळी पत्रं सारखीच वाटतात, सा.न.वि.वि., इकडील क्षेम, पाऊस कसा झाला, तांबड्या बैलाचा खूर बरा झाला का, मनिऑर्डर पोचली का.

पण लोक खमके होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून जाणारी आपल्या शिपायांची पत्रं तपासायला इंग्रजांनी खास ऑफिस ठेवलं होतं, त्यांनी केलेले उतारे अजून लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यात एक शिपाई घरी कळवतो की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरायलेत. काळी म्हणजे आपले अन लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरला ते कळलं म्हणूनच आज आपल्याला कळतंय, जी युक्ती त्यांना कळलीच नाही ती कायमची गेली.

तुमच्या भोकाच्या पत्रात लिहिलंय, 'येथे डोंगर फार, चिखल गुडघाभर, दौलताबादेसारखी अंगुरे होतात'. भोकाच्या आधी 'सध्या आम्ही' एवढंच आहे.

तिकीटवेडा:
४४, मराठा पलटण, डोंगर, चिखल आणि अंगूर म्हणजे इटलीच, माझी पैज. मराठ्यांच्या बटालियनी ४३ च्या हिवाळ्यात सांग्रो नदीवर होत्या अन यशवंत घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला (मरणोत्तर) ते पण इटलीतच, जुलै ४४ मध्ये. सेन्सॉर पण खुळाच, गावाचं नाव कापलं अन अंगूर तसेच ठेवले.

अंबाजोगाईची लेक:
मोडीतलं मला काही कळत नाही पण राहवलं नाही म्हणून लिहिते. माझे वडील ८८ साली शांतिसेनेत श्रीलंकेत होते. आमच्याकडं निळं अंतर्देशीय पत्र यायचं, पत्ता ५६ एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल ऑफिस, त्यामुळं आजीला वाटायचं पोरगं ५६ नंबरच्या गावात हाये. मी तिसरीत होते, आजी सांगायची अन मी लिहायची. तिला रडू यायला लागलं की म्हणायची, हे लिहू नको, म्हैस व्याली ते लिही. वडिलांनी ती सगळी पत्रं परत आणली, त्यात माझं शुद्धलेखन बघून आता लाज वाटते. आष्टीकर दादा, सेन्सॉर आपल्या घरात पण असतोय.

मोडीवाला संभाजीनगर:
ताई 👌

दादा, आत्ता मागची बाजू नीट बघितली. कागद पाठपोट लिहिलेला आहे, म्हणजे कापताना मागचंही गेलं. मागं असं आहे, 'मुलीचे नांव' मग भोक, मग 'ठेवावे, बारशाचा खर्च मनिआर्डरीतून करणे'. घरात तेव्हा कुणाचा जन्म झाला होता का?

आष्टीकर:
आबांची थोरली मुलगी, आमच्या आत्या, ४४ चीच. आत्ता फोन केला होता. इटलीचं सांगितलं तर म्हणाल्या असंल बाबा. मग भोकाचं सांगितलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाल्या, नाव आजीनं ठेवलं माझं, पण आबा मला त्या नावानं कधी हाकच मारायचे नाहीत, जन्मभर नुसतं 'बाई' म्हणले.

आता म्हणतात बाकीची सहा पत्रं पण वाचून घे, त्यात कुठंतरी परत लिहिलं असंल. मोडीवाले काका, उद्या सगळ्यांचे फोटो टाकतो.