मोठ्या एसयूव्हीचे अ‍ॅडॅप्टिव्ह शॉकअप गेले: तसेच बसवायचे की साधे?

लांबपल्ला
आमच्या तीन रांगांच्या एसयूव्हीचे १,६०,००० किमी झाले. महिनाभरापासून उंचवट्यावरून उतरली की गाडी एका दमात बसत नाही, दोन-तीन हेलकावे खाते. ब्रेक दाबला की नाक खाली घालते. मागच्या टायरवरून हात फिरवला तर ठरावीक अंतरावर खळगे बोटांना लागतात. मागचे दोन्ही शॉकअप फडक्याने लख्ख पुसून ठेवले होते. तीन दिवसांनी पाहिलं तर उजव्याच्या अंगावरून तेल ओघळून पार खालच्या बुशपर्यंत आलेलं, वर धूळ चिकटलेली. डॅशबोर्डवर मात्र एकही दिवा नाही.

शॉकअप अ‍ॅडॅप्टिव्ह, म्हणजे गरजेप्रमाणे कडकपणा बदलणारे, चुंबकीय द्रवाचे आहेत. तेलात लोखंडाचे अतिबारीक कण आणि पिस्टनमध्ये कॉइल. करंट वाढला की कण साखळीसारखे जुळतात आणि द्रव दाटतो. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये हे तंत्र पहिल्यांदा रस्त्यावर आलं, पुढे त्याच कंपनीच्या मोठ्या एसयूव्हींतही गेलं.

गॅरेजवाले म्हणतात, चारही काढा, साधे बसवा, कनेक्टरला रेझिस्टर जोडून देतो, दिवा लागणार नाही. मला हे अजिबात पटत नाही. आज मी एकटा, उद्या सात माणसं आणि डिक्कीभर सामान. पाचशे-सहाशे किलोंचा फरक पडतो. एकट्याला मऊ वाटणारा शॉकअप भरल्या गाडीत हेलकावतो आणि भरल्या गाडीच्या हिशेबाने घेतला तर रिकाम्या गाडीत गचके देतो. गाडीत जे होतं तेच परत बसवावं, असं माझं मत. विरोध असेल तर कारणासकट सांगा.

सरळमार्गी
विरोध आहे. अनेक मोठ्या एसयूव्हींच्या खालच्या व्हेरियंटमध्ये कंपनी स्वतःच साधे शॉकअप देते. तीच चेसी, तेवढीच माणसं, आणि त्या गाड्या नीट धावतात. मग साधा शॉकअप म्हणजे जुगाड कसा?

माझ्या गाडीला साधे बसवून ६०,००० किमी झाले. लोखंडाचे कण असलेला द्रव सीलला घासतच राहणार. नवे घातले तरी काही वर्षांनी याच जागी उभे राहाल, आणि तोवर तो भाग बनणं बंद झालेलं असू शकतं. जुन्या गाडीत जितकं कमी बिघडण्यासारखं, तितकं बरं.

तिसरी_रांग
मी साधे बसवून पस्तावलो आहे, म्हणून लिहितो. माझ्या गाडीत मागच्या शॉकअपवर हवेची पिशवी होती. ओझं वाढलं की कॉम्प्रेसर हवा भरून मागची बाजू वर उचलायचा. साधे बसवताना ते सगळंच निघालं. रिकाम्या गाडीत काही जाणवलं नाही, मीही खूश होतो. मग एकदा रात्री सगळं कुटुंब घेऊन निघालो. मागची बाजू खाली बसली आणि हेडलाइटचा झोत समोरच्यांच्या थेट डोळ्यात. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत होता आणि मला वाटत होतं लाइट अप्परवर राहिलाय. तीनदा खटका पाहिला. दुसऱ्या दिवशी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली, तेव्हा उलगडा झाला.

सरळमार्गी
@तिसरी_रांग, यात दोष साध्या शॉकअपचा नाही, अर्धवट कामाचा आहे. अ‍ॅडॅप्टिव्ह गाडीच्या स्प्रिंगा त्या शॉकअपच्या हिशेबाने निवडलेल्या असतात. साधे बसवायचे तर साध्या व्हेरियंटच्या स्प्रिंगाही घ्याव्या लागतात. मी घेतल्या.

पाना_पक्कड
हे काम रोज हातून जातं, म्हणून दोघांनाही थोडं सांगतो.

डॅशबोर्डवर दिवा नाही म्हणून शॉकअप चांगला, असं नसतं. कंट्रोल युनिटला कॉइलचं सर्किट शाबूत आहे का आणि उंचीचे सेन्सर बोलतायत का, एवढं कळतं. आतला द्रव गळून गेला किंवा पिस्टन झिजला तरी कॉइल ठीक असेल तर युनिट गप्प बसतं. स्कॅनरला एरर नाही म्हणून ‘सस्पेन्शन ओके’ लिहून परत पाठवलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, टायर खाल्लेल्या अवस्थेत.

रेझिस्टर लावणं याच कारणासाठी मला मान्य नाही. युनिटला वाटत राहतं की शॉकअप जागेवर आहेत, आणि ते नसलेल्या भागाला हुकूम देत बसतं. साधे बसवायचेच असतील तर स्प्रिंगा बदला आणि युनिटचं कोडिंग साध्या व्हेरियंटचं करून घ्या. ज्या गाडीत ते कोडिंग होत नाही, तिथे मी साधे बसवत नाही.

सरळमार्गी
कोडिंगचं पटलं. माझ्या गाडीत केलेलं आहे, ते आधीच लिहायला हवं होतं. पण मग माझा मुद्दा उभाच राहतो ना? नीट केलं तर साधा पर्याय खरा पर्याय आहे.

लांबपल्ला
आहे, तुमच्या वापराला. माझी गाडी महिन्यातून दोनदा पूर्ण भरते. वळणावर जड गाडी झुकायला लागली की त्या क्षणी आवळणारा शॉकअप आणि कायम एकाच ताकदीचा शॉकअप यांतला फरक मागच्या रांगेतल्या माणसाला आधी कळतो. तिथे माझे आईवडील बसतात. गॅरेजवाल्यांचं ‘दिवा लागणार नाही’ हे वाक्य मला लागलं ते त्यामुळेच.

@पाना_पक्कड, गळतोय फक्त मागचा उजवा. एकटाच बदलला तर चालेल?

पाना_पक्कड
नाही. एका अ‍ॅक्सलचे दोन्ही एकदम, नाहीतर डावी-उजवी बाजू वेगवेगळी वागते. पुढचे आता तपासून घ्या. गळत नसतील, टायर सारखे झिजले असतील तर राहू द्या. नवे बसवताना वरचं रबर माउंटही नवं घ्या. आणि एक गोष्ट हमखास चुकते. खालच्या बुशचा बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळू नका. चाकावर वजन आल्यावर आवळा, नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मागे हवेची पिशवी असेल तर नळी सोडण्याआधी हवा काढा. शेवटी उंचीच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन आणि अलाइनमेंट.

तिसरी_रांग
काम सुरू करण्याआधी चारही चाकांपाशी उंची मोजून लिहून ठेवा. मी मोजली नव्हती, त्यामुळे नंतर भांडायलाही आकडा नव्हता.

लांबपल्ला
आत्ताच मोजून आलो. मागे उजवीकडे डावीपेक्षा ११ मिमी कमी. हवेची पिशवी आमच्याही गाडीत आहे, ती हवा सोडतेय का हे पाहायला रात्रभर गाडी सपाट जागी उभी ठेवतो. सकाळी पुन्हा टेप लावून आकडे इथे टाकतो.