फाशीच्या कैद्याची शेवटची भेट : नाटकात ठेवावी की काढावी?

तिसरी_घंटा : अशा नाटकाचा आराखडा ठरलेलाच असतो. वीस वर्षांनी नायिकेला कळतं की कॉलेजातला मित्र नागपूर कारागृहाच्या फाशी यार्डात आहे. फाशीच्या आदल्या रात्री ती जाते, दोघं एका बाकावर बसतात, पहाट, अंधार. हा प्रवेश काढा. तिन्हीसांजेला कैदी कोठडीत बंद झाले की बाहेरच्या माणसाला आत कोण सोडतो? खरं नाट्य मधल्या वर्षांत आहे. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. पहिली भेट त्या निकालाआधी घ्या. तेव्हा दोघांनाही आशा असते, म्हणून दोघंही एकमेकांशी खोटं बोलतात.

रंगपट : अजिबात पटलं नाही. अपील, पुनर्विचार, राज्यपाल-राष्ट्रपतींकडचा दया अर्ज हे सगळं संवादांत कोंबलं की दुसरा अंक पडलाच म्हणून समजा. आणि शेवटची रात्र खोटी कशी? याकूब मेमनच्या अर्जावर 30 जुलै 2015 ला पहाटे तीननंतर सर्वोच्च न्यायालय बसलं, पाचच्या सुमारास अर्ज फेटाळला आणि सातच्या सुमारास नागपुरात फाशी झाली.

वकिली_टिपण : ते दिल्लीत, कोर्टात घडलं, तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत नाही. आधी नाटकाचं साल ठरवा. फेब्रुवारी 2013 मध्ये अफझल गुरूला तिहारमध्ये फाशी झाली आणि घरच्यांना कळवणारं स्पीड पोस्ट दोन दिवसांनी पोचलं. जानेवारी 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या शत्रुघ्न चौहान निकालानंतर चित्र बदललं : दया अर्ज फेटाळल्याचं लेखी कळवायचं, त्यानंतर किमान 14 दिवस द्यायचे, शेवटची भेट घडवायची. त्या भेटीत कुटुंबीयांबरोबर मित्रही येतात. म्हणजे तिची भेट कायद्यात बसते, फक्त दिवसाउजेडी. आई बाहेर ताटकळत असताना वेळ कुणाच्या वाट्याला, इथे प्रवेश लिहा.

तिसरी_घंटा : हे मान्य. पण मग बाक नको. आधीच्या भेटी काचेआडून, इंटरकॉमवर दाखवा. रंगमंचावर खरी काच लावू नका, समोरचे दिवे तिच्यात दिसतात आणि आवाज अडतो. रिकामी चौकट पुरते. रिसीव्हर प्रेक्षकांच्या विरुद्ध बाजूच्या कानाला धरायचा, नाहीतर नटाचा चेहराच झाकतो. नटाचा एक हात कायम गुंततो, त्यामुळे पहिल्या तालमीपासून रिसीव्हर हातात हवा.

वकिली_टिपण : शेवटही फाशीच हवा असं नाही. पुण्यातल्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खून प्रकरणात 24 जून 2019 ही फाशीची तारीख ठरली होती. अंमलबजावणीला झालेल्या विलंबावरून मुंबई उच्च न्यायालयाने 29 जुलैला दोघा दोषींची फाशी रद्द करून 35 वर्षांची कैद दिली. निरोप घेऊन झालाय आणि माणूस जिवंत आहे. आता ती पुढच्या महिन्यात भेटायला जाणार का?

रंगपट : हा शेवट ताकदीचा आहे, पण एकतर्फी आहे. ज्या घरातली मुलगी गेली, त्या घरात त्याच दिवशी ही बातमी पोचते. ते घर तुमच्या दोन अंकांत एकदाही दिसत नाही. नायिकेची मैत्री दाखवायची तर तिला त्या दारात एकदा उभी करा, आणि दार उघडणाऱ्या बाईला पूर्ण प्रवेश द्या. दोन वाक्यांवर तिची बोळवण करू नका.