आठवी-नववीच्या इंग्रजीत कवितेचं 'ॲप्रिसिएशन' पाठ करून घेणं बंद करावं का?

खडूवाली
तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या ॲप्रिसिएशनचा, म्हणजे रसग्रहणाचा, प्रश्न असतो, कवितेचं नाव, कवी, राईम स्कीम, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे ठरलेले. प्रश्न दहावीचा, पण 'आत्तापासून सवय हवी' म्हणून बऱ्याच शाळांत आठवीपासूनच प्रत्येक कवितेचं तयार उत्तर फळ्यावर लिहून देतात, मुलं उतरवतात आणि घोकतात. परिणाम काय, तर नववीतला मुलगा राईम स्कीम ए-बी-ए-बी असं धडाधड सांगतो आणि तीच कविता मोठ्यानं वाच म्हटलं की दुसऱ्या ओळीवर अडतो. कुठल्याही मुलाचं पाठ्यपुस्तक उघडून बघा, ओळीच्या वर पेन्सिलनं मराठी अर्थ आणि खाली देवनागरीत उच्चार. म्हणजे पोरगं वाचतंय ती देवनागरीच, इंग्रजी ओळ मधे नुसती बसलेली आहे.

माझं म्हणणं, ही दोन वर्षं ॲप्रिसिएशन पूर्ण बंद ठेवा. कविता वाचून दाखवा, मुलांकडून म्हणून घ्या, आवडली की नाही ते मराठीत बोलू द्या. आणि सोप्या गोष्टी भरपूर वाचा, त्यावर एकही प्रश्नोत्तर नको. मी तासाची शेवटची दहा-पंधरा मिनिटं हे करते. एका गोष्टीत बकरी दरीत पडते तिथे घंटा झाली, तर मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी दारापर्यंत मागे आली, 'मॅडम, गोट डाय?' वर्षभरात तिनं स्वतःहून बोललेलं हे पहिलं इंग्रजी.

घाटमाथा
मॅडम, तळमळीनं लिहिलंय पण मला पटत नाही. मी पण शिक्षक आहे, बीडकडे. दिवाळी झाली की माझ्या वर्गातली काही पोरं आई-बापाबरोबर ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलला परत येतात. त्यांच्या घरी इंग्रजी सांगणारं कुणी नाही, क्लास नाही, काही नाही. अशा पोराला ठरलेल्या मुद्द्यांचं उत्तर म्हणजे हक्काचे मार्क आहेत हो. ज्याला तुम्ही घोकंपट्टी म्हणताय त्याच्यावर आमची पोरं इंग्रजीत पास होतात आणि अकरावीचं दार उघडतं. शहरातल्या पोराला 'आवडली की नाही' विचारणं ठीक आहे, त्याच्या घरात पुस्तकं आहेत. आणि आठवीत नाही करायचं तर कधी, दहावीच्या वर्षात गणित-विज्ञानातून डोकं वर काढायला वेळ मिळत नाही.

गोदाकाठ
दोघांचंही वाचलं. पण पोरांना वाक्यच जोडता येत नाही त्याचं काय? आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, म्हणून पोरगं 'आय मँगो ईट' लिहितं, आणि आपल्याकडे अ, ॲन, द हा प्रकारच नाही, त्यामुळे ते कुठे लावायचं हे नुसतं ऐकून त्याला कळणार नाही, सांगावंच लागतं. नियम सांगा, वीस वाक्यं करून घ्या, तपासा, चुकली ती परत करून घ्या. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं, 2000 साली ते पहिलीपासून झालं, म्हणजे आत्ताच्या मुलांना चार वर्षं जास्त मिळाली. तरी आठवीत 'ही गो' लिहितात! कविता आणि गोष्टी नववीनंतर, आधी वाक्य. 'गोट डाय' ऐकून बरं वाटलं असेल, पण त्याचं 'डिड द गोट डाय' कोण करणार आणि कधी?

खडूवाली
@गोदाकाठ, दुसऱ्या दिवशीच केलं. तिचं नाव न घेता ते वाक्य फळ्यावर लिहिलं, शेजारी 'डिड द गोट डाय?' लिहिलं आणि विचारलं, 'डिड' कुठून आला, 'द' कशाला. त्या दिवशी भूतकाळातला प्रश्न वर्गाला नीट कळला, कारण बकरीचं काय झालं ते प्रत्येकाला हवं होतं. नियमाला माझा विरोध नाहीच. पण ज्या मुलाच्या कानावर इंग्रजी वाक्यं पडलेलीच नाहीत त्याला नियम कशावर लावायचा ते कळत नाही.

निळाई
मी शिक्षिका नाही, आठवीतल्या मुलाची आई. असर म्हणून ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी होते, तिच्या 2022 च्या अहवालात ग्रामीण भारतातली आठवीतली साधारण 47 टक्केच मुलं साधी इंग्रजी वाक्यं वाचू शकली होती, चार-पाच शब्दांची वाक्यं हं, आणि 2016 सालीही आकडा जवळपास हाच होता. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना वाक्य वाचता येत नाही आणि आपण त्यांच्याकडून अलंकार लिहून घेतोय. मला हे फार लागतं.

एक सुचवते, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साईटवर गोष्टी फुकट आहेत, सोप्यापासून अवघडपर्यंत चार पातळ्या लावलेल्या, आणि बऱ्याच गोष्टी मराठीत पण आहेत. आम्ही घरी आधी मराठीतून वाचतो मग तीच इंग्रजीत, अर्थ माहीत असतो त्यामुळे पेन्सिल हातात घ्यावीच लागत नाही. आठवीच्या मुलाला पहिल्या पातळीचं पुस्तक दिलं तर लाज वाटते, म्हणून दुसरी-तिसरी घ्या.

घाटमाथा
ताई, प्रिंट काढायचे पैसे कुठून आणायचे आणि मोबाईल किती घरात रिकामा असतो? तरी बघतो, साईट माहीत नव्हती. पण माझा मुद्दा तिथंच आहे. आधी दहावीचा पेपर बदला, मी दुसऱ्या दिवसापासून आठवी बदलतो. तोवर पोरांच्या मार्कांवर प्रयोग करायची माझी हिंमत नाही, आणि मुख्याध्यापक पण विचारणार पोर्शन कुठवर आला.

खडूवाली
पेपरच बदलायचा तर माझी मागणी साधी आहे, कविता न शिकवलेली द्या, सोपी आठ ओळींची. उतारा अनसीन असतोच की. आणि दोन ओळींचं मत मराठीत लिहायची मुभा द्या. मराठी माध्यमाला इंग्रजी तृतीय भाषा असते, त्याच पेपरात भाषांतराचा प्रश्न आहे, तिथे मराठी चालतंय मग इथे का नको?

गोदाकाठ
मत मराठीत?? मग तो इंग्रजीचा पेपर कसला. भाषांतरात निदान समोरचं इंग्रजी वाक्य कळलंय का ते तपासता येतं, मताला मार्क कुठल्या हिशोबानं देणार? 80 मार्कांच्या पेपरात तपासणाऱ्याला मॉडेल ॲन्सर लागतं.

घाटमाथा
आणि अनसीन कविता आली की क्लासवाली पोरं लिहितील, माझी तेवढी जागा कोरी सोडतील. अनसीन उताऱ्यात काय होतं ते तपासताना बघतोच, प्रश्नातला एक शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते अख्खं वाक्य उचलून उत्तरात ठेवायचं.

खडूवाली
सर, ते वाक्य शोधायला तरी त्याला इंग्रजी ओळींवरून नजर फिरवावी लागते, फळ्यावरचं उतरवताना तेवढंही लागत नाही. पण कारखान्यावरून परतलेल्या पोरांचा प्रश्न माझ्या उपायानं सुटत नाही हे मान्य. माझ्या वर्गात तशी मुलं नाहीत. ती आल्यावर एप्रिलमध्ये उरलेल्या आठवड्यांत तुम्ही इंग्रजीचं नेमकं काय घेता ते इथे सविस्तर लिहाल का?