जुन्या कपाटाचं आर्केड कॅबिनेट: रंगाला सुरकुत्या, एमडीएफची कड फुगली, भोकं सरकली

खटपट्या:
दोघांनी खेळायचं उभं आर्केड कॅबिनेट (व्हिडिओ गेमचं खोकं) करतोय. दोन्ही बाजू जुन्या कपाटाच्या, १९ मि.मी. प्लाय, वर आधीचा ऑइल पेंट. बटणांचं पॅनेल नवं, १८ मि.मी. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी). रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर), वायरिंग, मॉनिटर सगळं चालू आहे. अडलंय फिनिशवर.

१) जुना रंग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) स्प्रे मारला. पहिला हात ठीक. दुसऱ्या हातानंतर दहा मिनिटांत सुरकुत्या. एका बाजूला खाली मसुराएवढे गोल खड्डेही पडलेत, तिथे रंग धरतच नाही.
२) एमडीएफच्या कडेला पाण्याचा प्रायमर लावला. कड फुगून खरखरीत झाली.
३) दुसऱ्या खेळाडूची दोन बटणं ८ मि.मी. सरकली. भोकं ३० मि.मी.ची आहेत.

पुण्यात आहे, पाऊस चालू. सगळा रंग उतरवावा लागेल का?

चपडा_पॉलिश:
बाजूंचा रंग उतरवावाच लागेल, पॅनेल वाचेल.

सुरकुत्या आणि खड्डे ही दोन वेगळी दुखणी आहेत. एनसीचं थिनर जहाल असतं, ते खालच्या ऑइल पेंटमध्ये शिरून त्याला फुगवतं. पहिला हात पातळ होता, थिनर वरच्या वर उडून गेलं. दुसऱ्या हाताला ते खालपर्यंत पोचलं. यावर कितीही घासून पुन्हा एनसी मारलात तरी पुन्हा उचलणार.

खड्डे पडतात ते मेण किंवा सिलिकॉनमुळे. फर्निचर चमकवायचे स्प्रे वर्षानुवर्षं मारलेले असतात, आणि कपाटाचा खालचा भाग जास्त पुसला जातो. इथे क्रम महत्त्वाचा: आधी टर्पेंटाइनने पुसा, मग घासा. उलटं केलंत तर पॉलिश पेपर तेच मेण लाकडात चोळतो. एक फडकं ओलं, त्यामागून लगेच दुसरं कोरडं, आणि फडकी सतत बदला. एकच फडकं फिरवलं तर मेण फक्त इकडचं तिकडे होतं.

उतरवायला जेलसारखा पेंट रिमूव्हर जाड थापा, वर प्लॅस्टिक टाका, पोपडा सुटला की बोथट पत्र्याने खरवडा. कोरडं घासू नका आणि हीट गन तर नकोच: घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखात ९० भाग) मर्यादा भारतात २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. उरलेलं वॉटर पेपरने ओलं घासा, पण प्लायवर पाणी साचू देऊ नका. वरचा व्हिनियर (लाकडाचा थर) एक मि.मी.पेक्षाही पातळ असतो, १२० नंबरपेक्षा खरखरीत पेपर वापरू नका.

मग चपड्याचे (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे) दोन हात. एक लिटर स्पिरिटला १२५ ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, गाळ खाली बसला की वरचं निवळ तेवढंच घ्या. गाळात मेण असतं, त्यावर पुढचा रंग नीट धरत नाही. दोन हातांत दोन तास जाऊ द्या, ३२०ने हलकं घासा, मग हवा तो रंग.

गुणिया:
भोकांबद्दल. नुसती पुट्टी ठासून चालणार नाही. नवा मध्य जुन्या भोकाच्या पोकळीतच येतो, होल सॉच्या (गोल भोक पाडणाऱ्या करवतीच्या) मधल्या ड्रिलला धरायला काही उरत नाही. बटणाची रिमही वाचवणार नाही: ती साधारण ३३ मि.मी., आणि जुन्या भोकाची कड नव्या मध्यापासून २३ मि.मी.वर. सहा-साडेसहा मि.मी. उघडं दिसेल.

त्याच जाडीच्या एमडीएफची चकती बसवा. होल सॉचं माप दातांच्या बाहेरचं असतं, आतली चकती ३-४ मि.मी. लहान निघते. म्हणून ३५चा सॉ घ्या आणि चकती घासत ३०ला आणा. हाताने दाबून बसेल इतपतच घट्ट ठेवा. एमडीएफची कड फेविकॉल पिते, म्हणून एक हात लावून पाच मिनिटं थांबा, पुन्हा लावा, मग बसवा. २४ तास हात लावू नका. चकतीच्या मधलं भोक बुजवायच्या भानगडीत पडू नका, ते नव्या भोकातच कापून जातं. खाली टाकाऊ फळी क्लॅम्प करा, अर्धं वरून पाडा, अर्धं खालून. नाहीतर चकतीची उरलेली चंद्रकोर तुटून हातात येईल.

वर प्रिंट आणि ३ मि.मी. अ‍ॅक्रिलिक टाकणार असाल तर जाडी २१ होते. तेवढे लांब आटे असलेलीच बटणं घ्या. दाबून बसणारी पातळ पत्र्यासाठी असतात, इथे ती सैल राहतील.

फुगलेली कड आहे तशी घासू नका, धागे पुन्हा उभे राहतात. पूर्ण वाळू द्या, चपड्याचे दोन हात मारा, कडक झाली की २४०ने घासा. खळगे राहिले तर पॉलिएस्टर पुट्टी. हार्डनर १०० ग्रॅमला दोनच ग्रॅम. जास्त पडला तर हलक्या रंगातून पिवळा डाग वर येतो.

सनमायकावाला:
बाजूंना एवढा खटाटोप कशाला? काळी मॅट सनमायका मारा, एका दिवसात मोकळे.

चपडा_पॉलिश:
कल्पना चांगली, पण उतरवणं चुकत नाही. एसआर ९९८ सारख्या रबरी गोंदातलं सॉल्व्हेंटही ऑइल पेंटला मऊ करतं, महिन्या-दोन महिन्यांत सनमायका कोपऱ्यातून उचलते. आणि मारलीत तर आतूनही पातळ लायनर (आतल्या बाजूची साधी सनमायका) मारा. एकाच बाजूला मारली की फळी वाकते आणि मॉनिटरची चौकट तिरकी होते.

खटपट्या:
एक बाजू उतरवली. खाली तांबूस पॉलिश निघालं. पुढच्या कडेला पांढरी पट्टी हवी आहे. तांबडं वर येईल का? आणि पावसात एनसी मारू की थांबू?

चपडा_पॉलिश:
चपड्याचा तिसरा हात फक्त त्या कडेला द्या, तांबडं थांबतं. पावसात एनसी टाळा. थिनर भरभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि काळ्यावर पांढरट धुकं धरतं. धरलंच तर घासू नका. कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा लांबून हलका फवारा मारा, निघून जातं. थांबायचं नसेल तर रोलरने ऑइल पेंट, पातळ दोन हात.

गुणिया:
ऑइल पेंट मारलात तर बाजूंच्या व्हिनाइल स्टिकरची घाई नको. वरून कोरडा लागला तरी आतून सॉल्व्हेंट निघत राहतं आणि स्टिकरखाली फुगे येतात. या हवेत तीन आठवडे तरी द्या. मागच्या कोपऱ्यात नख दाबून बघा, वण उमटला तर अजून थांबा.