आर्मा ३ मधील रॉकेट लाँचर: मागचा भडका नसताना वास्तवतेचा दावा टिकतो का?

चिलखतभेदी (धागाकर्ते)

चेक कंपनी बोहेमिया इंटरॅक्टिव्हचा ‘आर्मा ३’ हा खेळ २०१३ साली आला आणि लष्करी वास्तवतेचा विषय निघाला की आजही त्याचे नाव आधी घेतले जाते. खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी अस्त्रांपुरता मात्र हा लौकिक मला मान्य नाही. कोणताही मॉड (मूळ खेळात बाहेरून घालायचा बदल) न घालता खेळले, तर खेळाडू बंद खोलीत भिंतीला पाठ लावून आरपीजी-७ हा रॉकेट लाँचर डागू शकतो आणि मागे साथीदार उभा असला तरी दोघांपैकी कोणालाही साधे खरचटतसुद्धा नाही. या अस्त्राचा धक्का खांद्याला फारसा जाणवत नाही, कारण रॉकेट पुढे सुटताना वायू तितक्याच जोराने नळीच्या मागच्या तोंडातून बाहेर पडतात. तो भडका वगळला, की अस्त्र ज्या तत्त्वावर चालते तेच वगळल्यासारखे होते.

भारतीय सेनेत १९७६ पासून असलेले ८४ मिमी कार्ल गुस्ताफ हे खांद्यावरचे लाँचर घ्या. ते चालवायला दोघे लागतात: एक नेम धरतो आणि दुसरा नळीचे मागचे तोंड उघडून गोळा भरतो. गोळा भरून तोंड बंद केले की भरणाऱ्याने बाजूला सरायचे, मागे आपले कोणी नाही याची खात्री करायची आणि मगच नेमधाऱ्याला इशारा द्यायचा. त्यामुळे मोर्चाची जागा निवडताना समोर काय दिसते याच्याइतकाच मागे काय आहे याचा विचार करावा लागतो. खेळाच्या २०१८ च्या ‘टँक्स’ या विस्तारात याच लाँचरच्या नव्या आवृत्तीवर बेतलेले अस्त्र आले, त्याच्या एका प्रकाराला अंतर मोजणारी दुर्बीणही मिळाली, पण भडका तेवढा राहूनच गेला. एसीई हा खेळाडूंनीच तयार केलेला मॉड हे काम व्यवस्थित करतो, तेव्हा तांत्रिक अडचणीची सबब पुढे करता येणार नाही.

तिसरी तुकडी

धागाकर्त्यांची माहिती बरोबर आहे, पण निष्कर्ष पटत नाही. खऱ्या सैनिकाला मागच्या माणसाची चाहूल लागते, त्याचा साथीदार त्याच्यासोबत महिनोन् महिने सराव केलेला असतो आणि आज्ञा मोडली तर काय होते हे दोघांनाही ठाऊक असते. सार्वजनिक सर्व्हरवर एकमेकांना कधी न भेटलेले चाळीस जण धावपळ करत असतात. तिथे भडका लागू केला, तर रणगाड्यापेक्षा आपलीच माणसे जास्त मरतील, आणि कोणत्याही प्रशिक्षित पलटणीत असे चित्र दिसणार नाही. एक गोष्ट खरी करायला गेलो की दुसरी खोटी होते ती अशी.

शिवाय सगळी अस्त्रे एका मापाने मोजू नयेत. एटी४ या खांद्यावरच्या लाँचरच्या बंदिस्त जागेसाठीच्या आवृत्तीत मागे मिठाचे पाणी फेकले जाते, त्यामुळे भडक्याचा जोर बराच कमी होतो. खेळातले पीसीएमएल हे अस्त्र ज्यावर बेतले आहे ते एनलॉ हे खरे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र तर खोलीतून डागता यावे अशाच रीतीने घडवलेले आहे. आणि चेचन्याची राजधानी ग्रोझ्नीचे काय? १९९४ च्या शेवटच्या दिवशी रशियन रणगाडे शहरात शिरले, तेव्हा चेचेन लढवय्यांनी तळघरांतून आणि वरच्या मजल्यांवरून आरपीजी डागले, कारण रणगाड्याची तोफ तेवढी खाली झुकत नाही आणि तेवढी वर उचलत नाही. खोलीतून मारा होतो, ही वस्तुस्थिती आहे.

चिलखतभेदी

तुम्ही दिलेले एनलॉचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. सुमारे साडेबारा किलोचे ते ओझे सैनिक वाहतो, त्याच्या बदल्यात त्याला मिळणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे खोलीतून डागण्याची मुभा. कोणत्याच अस्त्राला भडका नसेल, तर ही मुभा सगळ्यांनाच फुकट मिळते आणि दोन अस्त्रांमधून निवड करण्याचे एक मोठे कारण नाहीसे होते. ग्रोझ्नीबद्दलही तेच म्हणेन. खोलीतून आरपीजी-७ डागता येतो, पण नळीच्या मागे निदान दोन मीटर मोकळी जागा असावी लागते. म्हणजे कोणती खोली, तिच्यात कुठे उभे राहायचे, दार उघडे आहे की बंद, हे पाहणे आलेच. एसीईमध्येही मागच्या माणसाला होणारी इजा अंतरावर आणि कोनावर ठरते, सरसकट मृत्यू होत नाही.

वाऱ्याची दिशा

आपण दोघेही नळीच्या मागच्या टोकाशीच थांबला आहात. मला पुढचे टोक जास्त खटकते. आरपीजी-७ चे रॉकेट नळीतून बाहेर पडून काही मीटर गेल्यावर त्याचे मुख्य इंजिन पेटते. त्या वेळी आडवा वारा असेल, तर तो शेपटीच्या पंखांना ढकलतो, तोंड वाऱ्याकडे वळते आणि वारा जिकडून येतो तिकडेच रॉकेट सरकते. बंदुकीच्या गोळीच्या हे अगदी उलट आहे, म्हणून आरपीजी चालवणाऱ्याला नेम धरण्याची वेगळी सवय लावून घ्यावी लागते. मूळ खेळात ती सवय कधीच लागत नाही.

त्याहून मोठी चूक रॉकेट लागल्यानंतर दिसते. रॉकेटच्या टोकातल्या आकारित स्फोटकातून (स्फोटाचा जोर एका बिंदूकडे वळवणाऱ्या स्फोटकातून) निघणारी धातूची धार चिलखताला बारीक भोक पाडते, आणि तिच्या वाटेत दारूगोळा किंवा माणूस आला नाही, तर रणगाडा लढत राहू शकतो. उलट पट्टा तुटून जागीच अडकलेला रणगाडा दुरून धडधाकट दिसतो. ‘टँक्स’ विस्ताराने भेदनाची स्वतंत्र गणना आणली, ही सुधारणा मी मनापासून मान्य करतो. तरीही एकूण नुकसान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की आतल्या सगळ्यांसह गाडीचा स्फोट होतो. त्यामुळे एक मारा करून जागा बदलण्याऐवजी खेळाडू स्फोट दिसेपर्यंत एकाच जागेवरून मारत राहतो. भडक्यापेक्षा ही सवय मला अधिक चुकीची वाटते.

तिसरी तुकडी

नुकसानीच्या गणनेबाबत आपल्याशी पूर्ण सहमत आहे. भडक्याबाबत मात्र माझे मत कायम आहे: तो सर्वांवर लादू नये. सर्व्हर चालवणाऱ्याला जसा पाठीमागचा कॅमेरा किंवा नेमाची खूण बंद करता येते, तसा हाही अडचण-पातळीतला एक पर्याय मूळ खेळातच हवा होता, आणि नव्या माणसासाठी तो सुरुवातीला बंदच असावा.

चिलखतभेदी

पर्याय असावा, हे मान्य. पण तो सुरुवातीपासून चालू हवा. ज्या सर्व्हरला नको असेल त्याने तो बंद करावा.