मदत हवी आहे: स्टार्टअपवर पीएचडी कुठून करावी?

राम राम मंडळी, मी दारव्ह्याकडचा, बीई कम्प्युटर मग एमबीए, सध्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. मले टेक कंपन्यांमधल्या इनोव्हेशन आणि उद्योजकतेवर पीएचडी करून त्यातच करिअर करायचं आहे. विषय म्हणजे चांगली नोकरी सोडून माणसं स्वतःची कंपनी काहून काढतात. 1957 मधी अमेरिकेत शॉकलीच्या ट्रान्झिस्टर कंपनीतून आठ जण निघाले न् फेअरचाइल्ड ही चिप कंपनी झाली, त्यातूनच पुढं 1968 मधी इंटेल, आपल्याकडं 1981 मधी पटनी कम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीतून निघालेल्यांनी इन्फोसिस काढली. आमच्याकडं तेच लहान प्रमाणात चालू आहे, फवारणीच्या ड्रोनवाल्याकडं कामाला असलेलं पोट्टं वर्षभरात बॅटऱ्या न् नोझल बदलणं शिकते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर स्वतःचं ड्रोन उडवते. एका गाइड सरांना हे सांगितलं तर म्हणे हा कृषीचा विषय आहे, बोला आता!

तर विचारायचं असं की अमरावती विद्यापीठातून मॅनेजमेंटमधी करू, आयआयएम नागपूर पाहू, का मुंबई आयआयटीच्या देसाई सेठी या उद्योजकतेच्या स्कूलसाठी प्रयत्न करू? मी ओबीसी, वय 31, म्हणजे सूट धरून जेआरएफले (नेट परीक्षेतून भेटणारी संशोधन फेलोशिप) बसता येते, महिन्याला 37,000 भेटले तर घरी बाबा काही बोलणार नाहीत, महाज्योतीची (ओबीसींसाठीची राज्य सरकारची संस्था) फेलोशिप कोणी घेतली असन तर तेही सांगा. आणि मुख्य म्हणजे स्टॅटिस्टिक्स किती लागते? इंटरव्ह्यूत ड्रोनचा विषय मांडू का सरळ पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्या धरू? ज्यानं स्वतः केलं त्यानंच सांगा भाऊ.